चारनंतर घरी भेटतील

मुनीर,

तुझ्या जनाज्याला खांदा दिला तेव्हा माझे पाय लटपटले. मागून कुणीतरी म्हणालं, "गायकवाडभाऊंना धरा रे, फार दोस्ती होती दोघांची." दोस्ती होतीच. पण खरं सांगतो, पाय लटपटले ते निम्मे दुःखाने आणि निम्मे धास्तीने. कब्रस्तानातून परत येताना माझ्या डोळ्यांसमोर तुझा चेहरा नव्हता, पोस्टमन होता. तुझा अर्ज अजून सरकारदरबारी फिरतोय, त्याचं उत्तर कधीही येईल आणि ते घ्यायला आता तू नाहीस, एवढंच डोक्यात घोळत होतं. असला मित्र तुझ्या वाट्याला आला होता.

आज बारा दिवस झाले. कंपनीत शोकसभा झाली, मला बोलायला उभं केलं. तुझ्या लेथवरच्या हाताबद्दल बोललो, तुझ्या हट्टाबद्दल बोललो, लोक हसलेसुद्धा. जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस, तेव्हा लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही.

आपली पहिली ओळख भांडणातून झाली, आठवतं? मी एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात नवीन लागलो होतो. तुझ्या कार्डावर मी लाल शाईने तीन मिनिटांचा उशीर मारला आणि तू खिडकीत येऊन उभा राहिलास. म्हणालास, "घड्याळ तुमचं पुढे आहे." मी म्हटलं, कंपनीचं घड्याळ तेच खरं. तू गेला नाहीस. ऑपरेटरकडून फोनवर वेळ विचारून घ्यायला लावलीस. घड्याळ चार मिनिटं पुढे निघालं. मी मुकाट्याने लाल शाई खोडली, तर तू म्हणालास, "माझी एकट्याची नको, आजच्या सगळ्यांची खोडा. नियम आहे तर सगळ्यांना आहे." तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस एखादी गोष्ट सोडणाऱ्यांतला नाही.

तू रत्नागिरीकडचा, तुझं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. आमच्या चाळीतली नवी माणसं तुझं नाव ऐकून तुझ्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलायला लागत आणि तू मुद्दाम त्यांना अस्सल कोकणी हेल काढून उत्तर द्यायचास. त्यांची तोंडं बघून आपण हसायचो.

आणि मग ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे चालू होते. आमच्या वस्तीत दारावर निळा झेंडा आहे एवढं बघून पोरांची नावं पोलीस ठाण्यात लिहिली जात. मी मोर्चात नव्हतोच, फर्स्ट शिफ्टला होतो. तरी संध्याकाळी मला उचललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठाण्यात जमिनीवर बसवून ठेवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. तू शिफ्ट सुटल्यावर डबा घेऊन आलास आणि बाहेरच्या बाकावर बसलास. हवालदाराने विचारलं, "तू कोण याचा?" तू म्हणालास, "डबेवाला." त्याने हाकललं, तू उठला नाहीस. मला सोडल्यावर रिक्षात घालून घरी नेलंस आणि माझ्या आईला सांगितलंस, "ओव्हरटाइम होता, मावशी." आईला सगळं कळलं होतं. तिने तुला भाकरी वाढली.

त्या दिवशी रिक्षात मी तुला म्हटलं होतं, "मुनीर, मार परवडला. पण यादीत नाव गेलं की ते निघत नाही." हे मीच म्हटलं होतं. आता पुढचं ऐक.

दोन-चार वर्षांनी मला शांतता समितीवर घेतलं. सण जवळ आले की ठाण्यात मीटिंग व्हायची, मंडळांचे अध्यक्ष, दोन डॉक्टर, एक सिंधी व्यापारी आणि 'बौद्ध समाजाचे प्रतिनिधी' म्हणून मी. तू चिडवायचास, "शांततेला तू काय करणार, कार्ड पंच करणार का?" मी वरवर हसायचो, पण मला आत गुदगुल्या व्हायच्या. ज्या ठाण्यात मला फरशीवर बसवलं होतं तिथे मला खुर्ची मिळत होती, कपबशीतून चहा मिळत होता. आज लाज वाटते सांगायला, पण त्या खुर्चीचा मला मोह पडला होता.

ब्याण्णवच्या गणपतीआधीची मीटिंग. साहेब म्हणाले, "गायकवाड, तुमच्या भागातल्या चार प्रतिष्ठित मुस्लिम लोकांची नावं द्या. पुढच्या वेळी त्यांनाही बोलवू." मला आनंद झाला. म्हटलं, आता मुनीरही माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेल. घरी आलो, फुलस्केप घेतला आणि चार मागितली होती तर सात नावं लिहिली. तू मला ओळखतोस. टाइम ऑफिसचा माणूस, अर्धवट काम जमत नाही. प्रत्येकाच्या नावाआधी 'श्री.', मग वडिलांचं नाव, वय, पत्ता, कामाचं ठिकाण, शिफ्ट. निरोप घेऊन येणाऱ्या शिपायाची खेप फुकट जाऊ नये म्हणून शेवटच्या रकान्यात कुणाची गाठ केव्हा पडेल तेही लिहिलं. पहिलं नाव तुझं. तुझ्यासमोर लिहिलं, 'चारनंतर घरी भेटतील.'

आणि वरची ओळ कोरी सोडली. मथळा वरिष्ठांनी घालायचा असतो, असं मला नोकरीत शिकवलं होतं. कशाची यादी, कशासाठी, हे साहेब लिहितील. आपण खालच्या माणसाने कशाला पुढेपुढे करायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात माझा आणि अवलक्षण तुझं.

गणपती पार पडले. पुढच्या मीटिंगला तुम्हाला कुणी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. साहेबांची बदली झाली, नवे आले. मग तो डिसेंबर आणि तो जानेवारी. मुंबई पेटली होती. आपल्याकडे दगडसुद्धा पडला नव्हता, नुसत्या अफवा उठायच्या आणि दुकानांची शटरं खाली यायची. तुझ्या घरासमोर जीप थांबली तेव्हा तू नुकताच शिफ्टवरून येऊन हातपाय धूत होतास. साडेचार वाजले होते. सातही घरी जीप बरोबर वेळेवर गेली. त्यात ते सत्तरीचे हाजीसाहेब होते. त्यांच्यासमोर मी लिहिलं होतं, 'निवृत्त, दिवसभर घरी.'

नफीसाभाभी धावत माझ्याकडे आल्या. "भाईसाब, ये क्यों ले गए इनको? किसी से झगडा नहीं, कुछ नहीं." मी म्हटलं, मी बघतो, समितीवर आहे मी. केवढ्या तोऱ्यात म्हटलं! डबा घेऊन ठाण्यात गेलो. नोंदी लिहिणाऱ्या रायटरच्या टेबलावर काच होती आणि काचेवर एक कागद. अक्षर लांबूनच ओळखलं, माझंच होतं. वरच्या कोऱ्या ओळीत दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं, 'प्रतिबंधक कारवाई करावयाच्या इसमांची यादी.' सातही नावांआधीचा 'श्री.' काट मारून खोडला होता.

माझ्या पाचावर धारण बसली. रायटर म्हणाला, "काय पाहिजे?"

मुनीर, त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं: साहेब, ही यादी पाहुण्यांची आहे. तेवढ्याने तुम्ही सुटला असतात की नाही, देव जाणे. पण मी म्हणालो, "डबा आणलाय." डबा ठेवला आणि बाहेर आलो. माझं स्वतःचं नाव कुठल्या तरी जुन्या रजिस्टरात आहे, ते त्यांनी उघडलं तर काय, हे मनात आलं होतं. खुर्ची जाईल, हेही आलं असेल. आता वेगळं काढून दाखवता येत नाही.

चार दिवसांनी तू आलास. कागदावर अटक एकाच दिवसाची दाखवली होती. डाव्या हाताची दोन बोटं त्यानंतर नीट वळली नाहीत. कंपनीने तुला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तू भाभींसमोर हसून म्हणालास, "बरं झालं, आता बसून पगार." मी टाइम ऑफिसात तुझं कार्ड एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलं, तेव्हा माझ्याच्याने वर बघवलं नाही.

तू पहिला प्रश्न मलाच विचारलास. "गायकवाड, नाव द्यायचं तर कुणीही देईल. पण मी चारला घरी येतो हे त्यांना कुणी सांगितलं?" मी म्हटलं, असेल कुणीतरी जळणारा. तू विचार करत राहिलास आणि तुझा संशय रफीकवर गेला. तुझा मेहुणा, बदलापूरला राहणारा, दुकानाच्या गाळ्यावरून तुमची कुरबुर झालेली. तू त्याला दारात उभं केलं नाहीस. रफीक माझ्याकडे येऊन रडला, "भाई, तुम समझाव उनको, मैंने कुछ नहीं किया." मी त्याला म्हटलं, थोडा वेळ जाऊ दे. सहा वर्षं गेली, मुनीर. मी तोंडात मूग धरून बसलो.

मग अम्मीला हजला न्यायचं तुझ्या मनात आलं. पासपोर्टच्या चौकशीत ती जुनी नोंद निघाली आणि शेरा पडला. तू नव्याने अर्ज केलास, पुन्हा शेरा. अम्मी वाट बघत गेली. तिची मय्यत झाल्यावर तू मला म्हणालास, "आता हे सोडायचं नाही." तू ते आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलला होतास आणि मी मान हलवली.

तुझ्या त्या वकिलीची गंमत आठवते. उल्हासनगरच्या हॉलमधल्या मानवी हक्कांच्या शिबिराहून तू छातीशी एक बाड धरून आलास. सगळ्या देशांनी मिळून पोलिसांसाठी आणि कोठडीतल्या माणसांसाठी ठरवलेले नियम, इंग्रजीत, सायक्लोस्टाइल केलेले. म्हणालास, "हे मराठीत करायचं. तू आणि मी. दर रविवारी." मग आपण शब्दकोश घेऊन बसायचो. भाभी खिमा पाठवायच्या, माझी बायको अळूवड्या करायची. एकेका वाक्याला अर्धा तास. पकडलेल्या माणसाला कारण सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. लढाई असो की आणीबाणी, कोठडीत छळ करायला कुठलीच सबब चालणार नाही. वरून हुकूम होता, ही तर नाहीच नाही. हे शेवटचं तुला फार आवडलं. तू ते तीनदा मोठ्याने वाचलंस. मी खाली मान घालून शब्दकोश चाळत होतो, कारण मला तर वरून कुणी हुकूमही केला नव्हता.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं. मी म्हणायचो, "हे जिनिव्हाचे कागद आपल्या चिखलोलीच्या फाट्यापर्यंतसुद्धा येत नाहीत. कागद भिंतीवर, दांडा हातात." तू म्हणायचास, "येत नाहीत ना? मग आपण घेऊन जाऊ." वरच्या कोर्टाने अटकेचे नियम घालून दिले आणि ते ठाण्यात लावायला सांगितलं, तेव्हा तू मुद्दाम बघायला गेलास. फलकासमोर उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलास. हवालदार म्हणाला, "काय रे, काय बघतोस?" तू म्हणालास, "वाचतोय. वाचायलाच लावलंय ना?" घरी येऊन तू ते नक्कल करून सांगितलंस आणि आपण पोट धरून हसलो. पण दुसऱ्याच रविवारी मी पुन्हा म्हटलं, सोड हे, वय झालं, काही होणार नाही. तू रागावलास. "तुला बाबासाहेबांनी कायदा हातात दिला आणि तूच म्हणतोस कागदाने काही होत नाही?"

त्याचं उत्तर आज देतो. मला कागदाचा भरवसा नव्हता हे खोटं. मला कागदाची भीती होती. तुझे नियम खरे ठरले असते, ठाण्याला कारण सांगावं लागलं असतं, तर त्या कारणात माझं नाव निघालं असतं. इतकी वर्षं मी तुझ्याशी तत्त्वाचा वाद घालतोय असं तुला वाटायचं. मी नुसता लपत होतो.

शेवटचा रविवार मला सोडत नाही. दिल्लीला मानवी हक्कांच्या आयोगाकडे तू अर्ज पाठवला होतास, 'माझं नाव कुणी आणि कशासाठी दिलं' एवढंच विचारणारा. शुद्धलेखन मीच तपासलं होतं, एकही चूक नव्हती. दिल्लीहून आपल्या पोलीस ठाण्याकडे खुलासा मागितल्याचं कार्ड आलं होतं आणि तू खूश होतास. म्हणालास, "मला शिक्षाबिक्षा नको कुणाला. ज्याने दिलं त्याला फक्त एक विचारायचंय." मी विचारलं, काय? तू चष्मा काढलास, पुसलास. "विचारीन, सात घरं होती. नंतर एका तरी घरी जाऊन सांगावंसं वाटलं नाही का?"

मी म्हणालो, "पुढचं वाक्य घेऊ."

तीन दिवसांनी तू स्टोअरच्या खुर्चीवरच गेलास.

काल दुपारी नफीसाभाभी आणि तुझी रुबिना घरी आल्या. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, तरी आल्या. रुबिनाच्या हातात लांब खाकी लिफाफा होता. म्हणाली, "काका, सरकारी पत्र अब्बा तुमच्यासमोरच उघडायचे. म्हणून आम्ही फोडलं नाही." बायकोने पाणी आणलं, कुणी प्यायलं नाही. मी लिफाफा हातात घेतला. नुसता उलटसुलट करत राहिलो, चिकटवलेली कड फोडली नाही. रुबिनाने घेतला, फाडला आणि कागद न वाचताच माझ्या हातात परत दिला. कॉलेजात शिकणारी पोर, मराठी शाळेतून आलेली, सहज वाचू शकली असती. तिने तुझी रीत पाळली.

कागद एका पानाचा. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की. मी मनात पुढे वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीत माझं नाव दिसलं. भाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणता आलं असतं की नेहमीचंच आहे, चौकशी चालू आहे, कपाटात ठेवतो. ओठावर आलंही होतं. खरंच आलं होतं, मुनीर. तुझ्याशी आता तरी खोटं नको.

मग मी मोठ्याने वाचलं. "अर्जदाराचे नाव स्थानिक शांतता समितीचे सदस्य श्री. गायकवाड यांनी स्वहस्ताक्षरात सादर केलेल्या यादीत प्रथम क्रमांकावर असल्याने नियमानुसार कारवाई करण्यात आली."

मी म्हटलं, "हा गायकवाड मीच." आणि सगळं सांगितलं. खुर्ची, चहा, फुलस्केप, कोरी ओळ, काचेवरचा कागद, डबा. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. पाहुण्यांची यादी होती, भाभी, एवढं मी तीन-चारदा म्हटलं असेन. मला रडू आलं. त्यांना आलं नाही.

भाभी पदराचं टोक चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "हमने रफीक को छह साल घर में नहीं लिया. अम्मी की मय्यत में भी वो बाहर रस्ते पे खडा था."

त्या उठल्या आणि दारापाशी जाऊन चपला शोधायला लागल्या. मला वाटलं, संपलं. रुबिना मात्र उठली नाही. तिने पत्र घडी करून लिफाफ्यात घातलं. म्हणाली, "नोंद अजून तशीच आहे. उद्या माझ्या नोकरीच्या चौकशीत तीच निघणार. यादी कशाची होती हे सांगणारे तुम्ही एकटेच आहात. लेखी द्याल?"

मी म्हटलं, देईन. कुठेही येईन, दिल्लीला चल म्हणालीस तर दिल्लीला येईन.

एकवीस वर्षं ही पोर मला काका म्हणत आली. तिने पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पूर्ण नाव सांगा."